पूररेषा आणि ताईचं घर

४ मार्च
साहेबांनी पूररेषेचा नकाशा परत पाठवला. मी नदीकाठ पाच छटांत रंगवला होता — कुठे पाणी येण्याची किती शक्यता, आणि काय बदललं तर ती वाढेल. त्यांना एकच लाल रेघ हवी. आत धोका, बाहेर सुरक्षित! मी म्हटलं, नदी अशी वागत नाही. वरच्या अंगाला कुणी साधा ओढा बुजवला तरी इथलं सगळं पालटतं. ते म्हणाले, "मॅडम, लोकांना घर बांधायचं असतं. त्यांना हो की नाही, एवढंच सांगा."

५ मार्च
नुसती चिडचिड. भूगोलाच्या पहिल्याच तासाला वहीचे दोन भाग करायला लावले होते — डावीकडे निसर्ग, उजवीकडे माणूस. पुढे जटिलतेचा सिद्धांत शिकले तेव्हा कळलं, ही दोन्ही एकमेकांत अशी गुंतलीत की सुटी काढताच येत नाहीत. त्यावर प्रबंध लिहून शाबासकीही मिळवली. आणि आता?

९ मार्च
रेघ ओढली. सही केली.

२२ ऑगस्ट
ताईचा फोन. तिने आणि भाऊजींनी नदीजवळ घर घेतलं — रेघेच्या बाहेर, तेवीस मीटरवर. "तुझी सही बघूनच घेतलं गं." मला धड आनंदही दाखवता येईना.

१८ जानेवारी
ताईकडे जाऊन आले. घर हवेशीर आहे. पण शेजारच्या मोकळ्या माळावर आठ इमारती उठतायत. सगळीकडे काँक्रीट. पाणी मुरायचं ती जागाच गेली. आणि बांधणारे इथे आले ते माझ्या रेघेच्या भरवशावर! म्हणजे मी नदीचा नुसता नकाशा काढला नाही, नदीच बदलून ठेवली. हे वहीच्या कुठल्या बाजूला लिहू?

२० जानेवारी
नव्या इमारती धरून गणित पुन्हा मांडलं. तीनदा. दर खेपेला ताईच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी.

२१ जानेवारी
ताईला समोर बसवून सांगितलं. तिने ओट्यावरच्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "ऑफिसात माहीत आहे?" म्हटलं, नाही, सोमवारी सांगणार. "थोडं थांबशील? आम्हाला विचार करू दे."
बरं म्हटलं.

३० जानेवारी
सोमवार आला नि गेला. आज साहेबांच्या दारापर्यंत गेले. रजेचा अर्ज देऊन परत फिरले.

२ मार्च
ताईने घर विकलं. घेणारी बाई शाळेत शिकवते, दोन लहान मुलं आहेत. तिने एकच विचारलं म्हणे — इथे पाणी येतं का? ताईने नकाशा पुढे केला.
मी अजून ऑफिसात काही बोललेले नाही.