ओपलच्या पाळण्यावरची बोली

मी, लॉनी स्टबलफील्ड, वय सत्तावीस, राहणार अमारिलो, टेक्सास. सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही. म्हणून माझ्या मागे काय कोणाचे, ते लिहून ठेवतो.

१. ट्रक, ढकलगाडी आणि कुलपे धाकटा भाऊ डेव्ही याला. त्याला गाळ्यांच्या लिलावात उतरायचे आहे: लोक घरचे सामान भाड्याच्या गाळ्यात ठेवतात, भाडे थकले की ते सामान लिलावात निघते. डेव्ही, भाडे थकलेल्या गाळ्याचे शटर वर गेले की उंबऱ्याबाहेरूनच बघायचे. आत पाऊल नाही, कशाला हात नाही. गाळा घेतलास तर लगेच आपले कुलूप लाव. रिकामा करून झाडून दे. फोटो आणि कागद कचेरीत परत कर. आणि घाई दिसू देऊ नकोस.

२. माझी मोठी विजेरी हॉइट प्रुइटला. त्याने मला हा धंदा शिकवला. त्याच्यावरचा राग मी इथे सोडतो.

आमची ओपल सात आठवड्यांची असताना गेली. माझ्या बायकोने, मार्लाने, बाळाच्या वस्तू एका गाळ्यात ठेवल्या. कुठल्या, ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. पुढे ती बहिणीकडे निघून गेली आणि भाडे थकले. मार्चच्या लिलावात शटर वर गेले, तर समोर मी पिवळा रंगवलेला पाळणा.

आम्हा बोली लावणाऱ्यांत रीत आहे: कोणी ‘हे माझ्या घरचे’ म्हटले की बाकीचे बोली लावत नाहीत. पण कोणाचे, हेही मग सांगावे लागले असते. मला ते जमले नाही. मी बोली लावली, पहिलीच आणि मोठी. मी एरवी शेवटपर्यंत गप्प असतो. सगळ्यांना वाटले, लॉनीला आत घबाड दिसले. माझा खिसा रिकामा होईपर्यंत हॉइट बोली चढवत गेला आणि गाळा त्याला मिळाला.

नंतर त्याला सांगितले, तेव्हा तो ट्रकच्या पायरीवर बसला.

“तोंडाला कुलूप लागलं होतं का रे पोरा? एक शब्द बोलला असतास, तर मी घरी गेलो असतो.”

पाळणा त्याने रविवारच्या बाजारात विकून टाकला होता.

३. घर आणि बँकेतली शिल्लक मार्लाला. तिला दफनाला येणे झेपले नाही, तर कोणी बोल लावू नये.

४. हॉइट मला पाळणा घेणाऱ्यांच्या घरी घेऊन गेला. मी तो परत मागणार होतो. बाईने ओठांवर बोट ठेवून दार उघडले. आत बाळ झोपले होते. पाळण्याच्या कडेवर दातांच्या खुणा होत्या. मी एवढेच म्हणालो, “खालचा डावा स्क्रू ढिला होतो. आवळत जा.”

त्या पाळण्यावर माझा वा माझ्या वारसांचा हक्क नाही. तो मागायला कोणी जाऊ नये. मार्ला विचारील तेव्हा हॉइटने हे कलम तिला सावकाश वाचून दाखवावे.

साक्षीदार: शेजारी ग्लेंडा वूटन, तिचा नवरा क्लाइड वूटन. हॉइटला सही करायची होती. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, म्हणून तो बाहेर ओट्यावर थांबला आहे.

सही: लॉनी स्टबलफील्ड
अमारिलो, ४ ऑक्टोबर २०१९