नकाशातला ठिपका

३ जून, सकाळ
संकल्प: मत्सर बंद. कोणाचं भलं झालं की हसून अभिनंदन. साहेब रिटायर होताहेत, विभागप्रमुखाची खुर्ची माझीच. तिथे बसणाऱ्याचं मन मोठं हवं.

त्याच दिवशी, दुपारी
चिमणीचं अभिनंदन केलं. एकेकाळची माझी विद्यार्थिनी, हल्ली आमच्याच विभागात. आता अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, म्हणजे आतड्याला जखमा होण्याच्या आजारावर, औषधाचे अतिसूक्ष्म नॅनोकण बनवते. औषध अंगभर न भटकता थेट आतड्याच्या जखमेवर जाऊन चिकटतं म्हणे. जगभर गाजतंय. मी हसलो. जबडा अजून दुखतोय.

५ जून
चिमणीला नवा मायक्रोस्कोप. माझ्या खोलीतला पंखा खडखडतोच आहे. हेवा मुळीच नाही. राग फक्त पंख्याचा आहे.
घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, जगाच्या आतड्यांचं नंतर बघा, आधी तुमची पोटदुखी बघा. बायकोला विज्ञान कळत नाही.

९ जून
जालीम उपाय! आतड्याच्या या नव्या उपचारांवरच्या संशोधनाचा कल कुठे चाललाय, त्याचा आढावा मीच लिहिणार. सॉफ्टवेअर नकाशा काढतं. प्रत्येक संशोधकाचं एक वर्तुळ. ज्याचे संदर्भ जास्त लोक देतात त्याचं मोठं. कोणी कोणाचा संदर्भ दिला, त्याच्या रेषा. साहेब म्हणाले, पोस्टर करा, कमिटी ते बघूनच खुर्चीचं ठरवेल.
नकाशा माझ्या हातात. आता बघतोच.

१५ जून
नकाशा निघाला. मधोमध भोपळ्याएवढी चिमणी. सॉफ्टवेअर बिघडलेलं दिसतंय.
मी सापडेना. भिंग आणलं. उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात. ठिपका आहे, पण रेखीव आहे.

१६ जून
चिमणीचे सगळे पेपर यादीतून काढले. कारण तांत्रिक. कोणतं ते नंतर ठरवेन.
नवा नकाशा. ती गेली. मीही गेलो! माझ्याकडे येणारी एकुलती एक रेषा तिचीच होती, आणि ज्याचा कोणाशी संबंध नाही त्याला सॉफ्टवेअर गाळून टाकतं. मुकाट्याने तिला परत घेतलं. जळफळाट झाला.

१७ जून
तिने माझ्याबद्दल काय लिहिलंय ते शोधलं. 'या पद्धतीने औषध आतड्यापर्यंत पोहोचत नाही, हे सिद्ध झाले आहे.' पुढे माझं नाव.
'सिद्ध झाले आहे' हे महत्त्वाचं.

२० जून
पोस्टर छापून आलं. गुळगुळीत, चकचकीत. स्केचपेनने माझा ठिपका वाटाण्याएवढा केला; शेजारचं बारीक नाव शाईखाली गेलं, चालायचंच. याला खोटेपणा म्हणत नाहीत. न्याय म्हणतात.

२२ जून
कमिटी पोस्टरपुढे उभी. चिमणीने वाकून विचारलं, सर, हा कोपऱ्यातला कोण? इतका मोठा, आणि रेषा एकच? सगळे वाकले. मीही वाकलो. म्हणालो, शाई सांडली असेल.
साहेबांनी रुमाल ओला केला. एका फटक्यात निघाला. म्हणाले, आता कसं स्वच्छ दिसतंय.
खुर्ची चिमणीला. टाळ्या सर्वांत आधी मी वाजवल्या. ती म्हणाली, सर, तुमचा पंखा उद्याच बदलून देते.
शाईखालचा छापील ठिपका शाबूत असणारच. नीट बघायला हवं होतं, पण भिंग घरी राहिलं.