उंदरांचं औषध

तेर,
२० नोव्हेंबर २०२४

चि. संघप्रियास बाबांचे आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल.

फोनवर तू काय बोलतेस ते माझ्या कानातल्या मशीनला उमगत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. शाळेतून निवृत्त झालो तरी तपासायची सवय जात नाही. तुझ्या मागच्या पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या.

तुरी काढणीला आल्यात. परवा शेजारच्या प्रेमाबाईनं विचारलं की पोरगी हैदराबादला नेमकं काय करते. मी म्हटलं, संशोधन. कशाचं, तर मला सांगता येईना. तुझी आई मधेच म्हणाली की सडक्या अंड्याच्या वासाचं. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हा मला कळेल असं एकदा नीट लिही.

आईची साखर वाढलीय. डॉक्टरांनी साखर बंद केली तर ती चहात गूळ घालते, आणि गूळ म्हणजे साखर नव्हे म्हणून माझ्याशीच भांडते. तुझा भाऊ प्रसेनजित भूमहून रविवारी येऊन गेला, त्याचंही ऐकलं नाही.

आमच्यावरचा जीव असाच राहू दे.
तुझा बाबा, व्यंकट


हैदराबाद,
१ डिसेंबर २०२४

ती. बाबांना सविनय जयभीम. वि. वि.

चार नाही, तीनच चुका. चौथा शब्द मी शब्दकोशात पाहिला.

आईचं बरोबर आहे. सडक्या अंड्याला जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. फार हुंगला तर माणूस जागीच जातो. गंमत अशी की हाच वायू आपलं शरीर स्वतः तयार करतं, अगदी कणभर. रक्तवाहिन्या सैल ठेवायला तो लागतो. पण जखमेतले जंतू आत पसरले की शरीर सगळ्या अंगभर लढाई सुरू करतं आणि त्या लढाईत स्वतःचंच नुकसान करून घेतं. रक्तदाब कोसळतो, लघवी थांबते, माणूस बरळायला लागतो. याला सेप्सिस म्हणतात. त्यात हा वायू फार वाढतो, असं उंदरांत दिसतं.

आमच्या फ्रिजमध्ये एक रसायन आहे, ते हा वायू तयार होऊ देत नाही. सेप्सिस झालेल्या उंदरांना ते सुरुवातीलाच दिलं, तर बरेच वाचले! सकाळी पिंजऱ्यात ते दाणे कुरतडताना दिसले तेव्हा मी अशी ओरडले की आमच्या मॅडम धावत आल्या.

आईला म्हणावं, गूळही बंद. तुमची माया अशीच राहो.
तुमची संघप्रिया


हैदराबाद,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम. वि. वि.

सोलापूरच्या दवाखान्यातून तुम्ही मला परत पाठवलंत त्याला महिना होत आला. आईला घरी आणलं, उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली, पण ती काठी टेकत अंगणात येते, असं प्रसेनजितनं कळवलं. तुम्ही मला एक ओळही लिहिली नाही.

तिथं मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तुरीचं धसकट तळव्यात घुसलं, आईनं हळद भरली आणि रानात जात राहिली. साखरेमुळं तिला पाय दुखलाही नाही. मी पोचले तेव्हा ती मला ओळखत नव्हती, वाशीच्या मावशीला हाका मारत होती. डॉक्टरांनी सेप्सिस म्हटलं आणि तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तुमचा चेहरा एकदम उजळला. तुम्ही म्हणालात की तुझ्या फ्रिजमधलं औषध मागव, आजच्या गाडीनं येईल. मी नाही म्हणाले. तुम्ही विचारलंत की उंदरांना आहे आणि तुझ्या आईला नाही का. मग म्हणालात की माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस.

डिसेंबरच्या पत्रात मी वाचलेले उंदीर लिहिले होते. पुढचं त्या पत्रानंतर घडलं. तेच रसायन आजार अंगात मुरल्यावर दिलं, तर काहीच न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त मेले. दुसरीकडं काही प्रयोगशाळांनी उलट हाच वायू वाढवून उंदीर वाचवलेत. तो केव्हा मारतो आणि केव्हा सांभाळतो, हे अजून कुणालाच ठामपणे माहीत नाही. माणसांना तर ते रसायन अजून कुणी दिलेलंच नाही. आईचा आजार तेव्हा मुरलेला होता. जंतू मारणारी इंजेक्शनं, सलाइन, पायातला सडका भाग काढणं, एवढंच माहीत होतं आणि डॉक्टर तेच करत होते.

नाही म्हणून मी जिन्यात जाऊन बसले. आई गेली असती तर मी बरोबर होते का, हे मला जन्मभर कळलं नसतं. तरीही मी नाहीच म्हणाले असते.

लोभ ठेवा असं लिहायला आज हात धजत नाही.
संघप्रिया


तेर,
३ मार्च २०२५

चि. संघप्रियास आशीर्वाद. पत्र पावलं. आईची तब्येत ठीक. पत्रात चुका नव्हत्या.
व्यंकट


तेर,
२० एप्रिल २०२५

लाडक्या संघप्रियाला आईचा जयभीम.

म्या चौथीपातुर शिकलेली, तवा तू बी तुझ्या बापावानी चुका मोजू नको.

पाय भरून आला. बोटं गेली त्याचं लई न्हाय वाटत. चप्पल तेवढी सुटत हुती, तर प्रसेनजितनं तिला मागून पट्टा शिवून आणला. गूळ मातर सुटला, त्याचं वाईट वाटतं. प्रेमाबाई माझ्याम्होरं मुद्दाम गुळाचा चहा पिती.

तुझं पत्र यांनी मला वाचून दाखवलं न्हाय, म्हणून म्याच वाचलं. समदं कळलं न्हाय, पण कळायचं ते कळलं. मग जेवताना यांना इचारलं, की पोरीनं ते औषध आणलं असतं अन् म्या त्यानंच गेले असते, तर तुमी तिला काय म्हणला असता. हे भाकरी तशीच ठेवून उठले अन् नदीकडं निघून गेले. म्या बी हाक मारली न्हाय.

दिवस मावळता आले. दारातच उभं राहून मला इचारत्यात की त्या दिशी दवाखान्यात पोरगी जेवली हुती का. म्या म्हणलं, म्या शुद्धीवर असते तर सांगितलं असतं. तवा कुठं हसले.

खाली जागा सोडती. यांना कायतरी लिवायचं हाय म्हणत्यात. तुझी माया अशीच असू दे, अन् वक्ताला जेवत जा.
तुझी आई, सुमन

चि. संघप्रिया, बुद्धपौर्णिमेला घरी ये. तुझ्या उंदरांचं सगळं मला समोर बसून सांग. आधी मेलेल्यांचं सांग.
बाबा