सहीची रिकामी जागा

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. नमस्कार आईने लावलेली सवय म्हणून लिहितोय. पुढचं सगळं रागाने लिहिलेलं आहे, तसंच वाच. फोनवर बोललो असतो, पण माझा आवाज चढला की तू फोन ठेवतेस.

दोन दिवस तुझ्याकडे राहून परवा परत आलो. अप्पांच्या बायपासला पाच आठवडे झाले. चाळीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, एक्याऐंशीव्या वर्षी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आहे. खोकला आला की उशी छातीशी दाबतात. शर्टाचं बटण लावता लावता थांबतात आणि बोटांकडे बघत राहतात. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं की आई अजून कशी आली नाही. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

निघायच्या दिवशी, तू दुकानात गेल्यावर, ते एक वाक्य नीट बोलले. म्हणाले, त्या कागदावर माझी सही नाही. मी तडक हॉस्पिटलात गेलो. रेकॉर्डच्या खिडकीवरच्या माणसाने आधी हात झटकले, मग फाइल काढली. संमतिपत्रावर रुग्णाच्या सहीची जागा कोरी आहे. खाली नातेवाईक म्हणून तुझी सही. वेळ आठ चाळीस. झेरॉक्स माझ्यासमोर आहे.

तू मला सांगितलं होतंस की अप्पा तयार आहेत. प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी जो माणूस आपली सगळी गणितं स्वतः पुन्हा सोडवायचा, त्याची छाती तू त्याच्या सहीशिवाय उघडायला दिलीस. का, एवढंच सांग.

लोभाचं, तुझं उत्तर आल्यावर बघू.
तुझा
खिळा


१९ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ. आशीर्वाद अनेक आहेत. उत्तम आहेत की नाहीत ते आज सांगत नाही. अंग बारीक आणि डोकं तेवढं मोठं, म्हणून अप्पांनी तुला हे नाव दिलं. डोकं अजून तेवढंच आहे.

उंटावरून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही, उंट लागतो. तो तुझ्याकडे आहे. डिसेंबरात अप्पा बाथरूमपासून खुर्चीपर्यंत येताना दोनदा भिंत धरून थांबायचे, तेव्हा तू नव्हतास. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या. सर्जन त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून बोलले आणि काही लपवलं नाही. म्हणाले, या वयात बरेचसे घरी जातात, काही जात नाहीत. काही घरी जातात पण पूर्वीचे राहत नाहीत. डोकं गोंधळतं, कुणाचं महिनाभर, कुणाचं कायमचं. ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, तेही सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं की हृदय थांबवल्यावर जे मशीन चालतं त्याच्यापाशी कोण उभं असतं, आणि त्याला लघवीला लागली तर कोण. सर्जन हसले. अप्पा हसले नाहीत. उत्तर मिळाल्यावर म्हणाले, करा. मी माझ्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने संमतिपत्र आणलं. अप्पांनी पेन हातात फिरवलं आणि परत दिलं. सही करणार नाही म्हणाले. नर्सने विचारलं, भीती वाटते का. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी दोनदा समजावलं. तेवढ्यात छातीत कळ आली, चेहरा राखेसारखा झाला, आणि नर्सने तो कागद माझ्यापुढे धरला. त्याआधी मी तुला तीन फोन केले होते. तू परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांवर पहारा देत होतास. मी सही केली.

काल करा म्हणालेला माणूस आज सही का करत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही. शुद्धीवर आल्याच्या पाचव्या दिवसापासून अप्पा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. तुझ्याशी निदान एक वाक्य बोलले. मी त्यांच्या पायाची जखम पुसते. बायपाससाठी शीर काढली तिथे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाके होते. श्वास ओढून प्लास्टिकच्या तीन गोळ्या वर न्यायचं ते व्यायामाचं खेळणं तोंडाशी धरते; एकच गोळी वर जाते. नऊ ते सहा दुकानात चष्म्याच्या काचा घासते, दुपारी शेजारीण बघून जाते. आमची लिफ्ट सप्टेंबरपासून बंद आहे. लिफ्टवाला चौथ्या मजल्यावर अडकला म्हणून खालचे लोक विनोद करतात, तोही ऐकून घेते.

मी त्यांना मनाविरुद्ध कापायला दिलं का, हे तू आता विचारतोयस. मी सहा आठवडे विचारतेय. ज्याने सांगायचं तो खिडकीबाहेर बघतो.

लोभ कमी-जास्त करण्याआधी एकदा चार मजले चढून ये.
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. तुझं पत्र वाचलं. कष्ट दिसले. उत्तर दिसलं नाही.

मी गणित शिकवतो, म्हणून आकडे बघितले. ऐंशीच्या पुढच्या रुग्णांचे निकाल वेगळे मांडलेले असतात, आणि ते साठीच्या माणसांसारखे नसतात. हे सर्जनने तुला सांगितलं होतं, अप्पांनाही सांगितलं होतं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी नाही म्हणाले. माणसाला मत बदलण्याचा हक्क आहे. सही करणार नाही याचा दुसरा अर्थ मला लागत नाही, आणि तुलाही लागला नव्हता. तू तो लावून घेतलास.

मी हॉस्पिटलविरुद्ध तक्रार करणार आहे. शुद्धीत असलेल्या माणसाने नकार दिल्यावर नातेवाइकाची सही घेतली कशी, हा मुद्दा आहे. त्यात तुझं नाव येईल. त्याला इलाज नाही. पंधरा मार्चला मी गाडी घेऊन येतो आणि अप्पांना घेऊन जातो. माझं घर तळमजल्यावर आहे. औषधांची यादी काढून ठेव.

लोभाच्या जागी सध्या फक्त तारीख लिहितो.
खिळा


४ मार्च

चि. खिळ्यास,
अ. उ. आ. तुझे आकडे बरोबर असतील. शंभरातले किती सुधारतात आणि किती नाही, ते तू फळ्यावर मांड. आपल्या घरात शंभर अप्पा नाहीत.

तक्रार कर. माझं नाव ठळक लिही, म्हणजे साहेबांना शोधावं लागणार नाही. औषधांची यादी फ्रिजच्या दारावर आहे. न्यायचं असेल तर आधी त्यांना विचार. मी ऑपरेशनचं एकदा विचारून फसले. तुझी पाळी.

लोभ असता तर लिहिला असता.
ताई


११ मार्च

चि. बाईस आणि चि. खिळ्यास,
दोघांना एकच पत्र. अ. उ. आ. एकदाच लिहितो, वाटून घ्या. ते तरी न भांडता.

तुमची पत्रं मी वाचली. खिळ्याची टेबलावर उघडी पडली होती, आणि शेवटचं बाईने पोस्टात टाकण्याआधी मला दिसेल असं ठेवलं होतं. वाचायला तीन दिवस लागले. अक्षर हलतं आहे, माझं. समजून घ्या. मी अजून मेलेलो नाही, हे तुमच्या दोघांच्याही पत्रांत कुठे आढळलं नाही.

प्रत्येक लिफ्टचं एक रजिस्टर असतं. काम करायचं, मग खालून वर आणि वरून खाली चाचणी घ्यायची, आधी रिकामी, मग भार टाकून. मग सही. माझ्या जोडीदाराला एकदा लवकर घरी जायचं होतं. त्याने सकाळीच दिवसभराच्या सह्या करून ठेवल्या. दुपारी तिसरी लिफ्ट सरकली आणि एका बाईचा पाय गेला. त्यानंतर मी चाचणीच्या आधी कधी सही केली नाही. तुमच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा नाही. त्या सकाळी नर्सने न झालेल्या कामाचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी पेन परत दिलं. हॉस्पिटलचा कागद म्हणजे रजिस्टर नव्हे, हे मला आता समजतं. तेव्हा समजलं नाही. चाळीस वर्षांचा हात होता.

भीती वाटते का, असं तिने विचारलं. का, असं कुणीच विचारलं नाही. नर्सने नाही, बाईने नाही. खिळ्या, तूही नाही. तू दोन दिवस माझी तोंडी परीक्षा घेतलीस. आज वार कोणता, सात आठे किती. छप्पन. तेव्हा आठवलं नव्हतं. आणि तुझी आई गेली आहे हे मला माहीत आहे. ते विचारल्यावर तू बाल्कनीत पळालास. बसायला हवं होतंस.

बाई, तुझ्याशी बोललो नाही याचं कारण सही नाही. पाचव्या दिवशी मला पाणी हवं होतं आणि तोंडातून ग्रीस हा शब्द आला. पुन्हा मागितलं, पुन्हा ग्रीस. तू तोंड फिरवलंस आणि खांदे हलले. रडलीस की हसलीस ते दिसलं नाही. मी ठरवलं की शब्द जागेवर येईपर्यंत गप्प बसायचं. तू त्याचा अर्थ लावलास, याने तिकडे आकडे लावले. माझ्या वतीने दोघे भांडलात आणि मी खुर्चीत बसून वाचलं. राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल.

आज नऊला तू दुकानात गेल्यावर चाचणी घेतली. चार मजले उतरलो, तळाशी बंद लिफ्टच्या दाराला हात लावला, चार मजले चढलो. तीन थांबे. दुसऱ्या मजल्यावर शेजारीण हात धरायला आली, तिला परत पाठवलं. एकूण पन्नास मिनिटं. शेरा असा. छाती: हाड दुखतं, पूर्वीची कळ नाही. पाय: सूज. बोटं: बटण लागतं, नट बसत नाही. शब्द: दहातला एक सापडत नाही. पुन्हा विचारलं असतं तर करा म्हणालो असतो का, तर सकाळी उत्तर हो येतं, संध्याकाळी नाही.

घरातल्या फाइलमध्ये त्या कागदाची प्रत होती. रिकाम्या जागी सही केली आहे. आजची तारीख, दहा वाजून पाच मिनिटं. हॉस्पिटल ती घेणार नाही. घरात ठेवा. बाईची सही खोडलेली नाही. आमच्या कामाला सह्या दोनच लागतात. एक काम तपासणाऱ्याची. दुसरी मेन स्विचपाशी उभं राहणाऱ्याची, काम संपेपर्यंत कुणी हात लावू नये म्हणून. ती उभी होती.

खिळ्या, पंधरा तारखेला गाडी आणू नकोस. ये, आणि जिना चढून ये. तक्रारीची हौस असेल तर आमच्या लिफ्टची कर. सप्टेंबरपासून बंद आहे, आणि दोष काय आहे ते मला आवाजावरूनच कळलं होतं.

बाई, संध्याकाळी आलीस की मी पाणी मागणार आहे. ग्रीस म्हणालो तरी पाणीच आण.

लोभ वाढवू नका. आहे तेवढा चालू ठेवा.
अप्पा