एसच्या आधीची मोकळी जागा

बाबा, पडघ्याच्या रस्त्यावरची तुम्ही रंगवलेली भिंत पाडताहेत. जुनं गोडाऊन जाऊन तिथे त्याच्या दुप्पट उंचीचं नवं येतंय, आणि त्याला म्हणे भिंत नसतेच, नुसता निळा पत्रा. परवा ऑफिसच्या गाडीतून जाताना पाहिलं, एका कडेने फोडायला सुरुवात झाली होती. तुमचा लाल रंग उन्हाने पार फिका पडलाय, पण अक्षरं अजून लांबून वाचता येतात. मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. "मॅडम, इथे काम आहे?" म्हणाला. मी म्हटलं, आहे. ते काम काय होतं ते शेवटी सांगते, कारण लगेच सांगितलं तर तुम्ही हसाल आणि बाकीचं ऐकणार नाही.

नारपोलीतल्या आपल्या खोलीत भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडत असायचे आणि आपण सगळे त्यामुळे मोठ्यानेच बोलायचो. अजूनही फोनवर लोक मला विचारतात, चिडलीस का म्हणून. तुम्ही संध्याकाळी यायचात ते हातांना घासलेटचा वास घेऊन. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची आणि तुम्ही मोरीत बसून आधी ब्रश धुवायचात, मग हात. "ब्रशाची आंघोळ आधी, पेंटरची मंग," असं आई चिडवायची. जेवताना तुम्हाला माझा इंग्रजीचा गृहपाठ ऐकायचा असायचा. चुकीची वाक्यं दिलेली असायची, ती दुरुस्त करून लिहायची. तुम्हाला इंग्रजी अक्षरं सगळी यायची, शब्द जवळजवळ एकही नाही. अख्ख्या भिवंडीच्या इंग्रजी पाट्या रंगवणारा माणूस त्यातली एकही वाचू शकत नव्हता, याचं मला तेव्हा नवल वाटायचं, आता वाटत नाही. "आधी चुकीचा वाच, मंग बरोबरचा," असं तुम्ही म्हणायचात. मी 'ही गो टु स्कूल' वाचायचे, मग 'ही गोज टु स्कूल', आणि तुम्ही घास हातात धरून विचारायचात, "म्हंजे एस कमी पडला व्हता?" एसचं नाव निघालं की तुमचा चेहरा खुलायचा.

कारण एस हे तुमचं लाडकं अक्षर. काढायला सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात आधी. भिंतीवर खडूच्या दोऱ्याने रेघा मारायच्या, खडूने सगळा मजकूर आखायचा, आणि मग हात ताजा आहे तोवर मजकुरात जिथे जिथे एस असेल तिथे तिथे तो रंगवून टाकायचा. बाकीची अक्षरं मागाहून. अर्धवट पाटीवर नुसते लाल एस लटकलेले दिसायचे आणि जाणारे येणारे थांबून बघायचे, पेंटरला वेड लागलं की काय. आणि तुमचे ते टिकले! पूर्णविराम म्हणजे तुमच्या भाषेत गोळा, अपॉस्ट्रॉफी म्हणजे वरचा टिकला. हे सगळं तुमच्या लेखी कुंकवासारखं होतं, जागा मोकळी दिसली की लावायचं. प्रत्येक शब्दापुढे गोळा, प्रत्येक शेवटच्या एसच्या आधी टिकला. मी सांगायचे, बाबा, याला अर्थ असतो, कुणाची तरी मालकी दाखवायची असेल तरच हा द्यायचा. तुम्ही म्हणायचात, "आसंल. पन बोर्ड भरला पायजे ना?" माझ्या वाढदिवसाला तुम्ही पत्र्याची छोटी पाटी रंगवून दिलीत, 'सायलेन्स. प्लीज.' असं दोन गोळ्यांसकट, आणि ती नेमकी लूमच्या बाजूच्या भिंतीवर ठोकलीत. खटक खटक करत ती पाटी दिवसभर थरथरायची. आई म्हणायची, पाटीलाच कुनी गप बसवा.

हळूहळू असं झालं की खडूने आखून झालं की तुम्ही माझी शाळा सुटायची वाट बघायचात. मी वाचून मान डोलावली की मगच रंगाचा डबा उघडायचा. एस तेवढे सोडून. त्यांना तुमच्याने धीर धरवायचा नाही. निजामपुऱ्यात एका केटररच्या दुकानात मी अशीच दप्तर पाठीला लावून आले. त्याने कागदावर लिहून दिलं होतं, त्याचा सरळ अर्थ व्हायचा, आम्ही सर्व प्रकारची लग्नं शिजवून देतो. मी खो खो हसले आणि मोठ्याने अर्थही सांगितला. गल्ल्यावर त्याचा मुलगा बसला होता. केटरर आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. तुम्ही खडूचा दोरा गुंडाळायला लागलात. घरी चालत येताना मात्र थांबलात आणि म्हणालात, "त्याच्या दुकानात, त्याच्या पोरासमोर हसलीस. चूक दिसली तं कानात सांगायची. हसायचा आसंल तं घरी येऊन हस, मी पन हसन." आणि खरंच, घरी आल्यावर तुम्ही ते आईला सांगून डोळ्यांत पाणी येईतो हसलात. मी मात्र त्या दिवशी हसले नाही. बोलणं लागलं होतं.

मग फ्लेक्स आलं. सकाळी मजकूर द्या, दुपारी बोर्ड घेऊन जा, वर नेत्याचा फोटो फुकट. तुमची जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात दिसली की दुसरीकडे बघायला लागली. तुम्ही ब्रश तसेच रोज धुवायचात, न वापरलेले सुद्धा, आणि आई आता चिडवायची नाही. तेवढ्यात पडघ्याच्या रस्त्यावरच्या त्या गोडाऊनचं काम आलं. मॅनेजर म्हणाले होते, गेटजवळची भिंत आधी करून दाखव, नीट झाली तर आतल्या सगळ्या भिंती तुला. नाहीतर फ्लेक्सवाला तयारच आहे. तुम्ही घरी हे सांगितलंत तेव्हा आवाज इतका हळू होता की लूमच्या आवाजात आईला दोनदा विचारावं लागलं. धंदा राहतो की जातो, ते त्या एका भिंतीवर होतं, हे मलाही कळलं.

शाळेतून मी एसटीने तिथे आले. ऊन चटचटत होतं. तुम्ही शिडीवरून उतरून बाजूला झालात, नेहमीसारखे, एक डोळा मिटून. दोन्ही एस रंगवून झाले होते, सुंदर झाले होते, आणि दोघांच्याही आधी खडूचा टिकला. 'ड्रायव्हर्स अँड क्लीनर्स नो एंट्री नॉट अलाउड.' मॅनेजरच्या कागदावरही तसंच होतं. म्हणजे प्रवेशबंदीलाच बंदी. कुणीही खुशाल यावं. मला हसू फुटत होतं. पण गेटपाशी ट्रकवाले बसलेले, म्हणून मी तुमच्या खांद्याला हात लावून तुम्हाला खाली वाकवलं आणि कानात सांगितलं. तुम्ही ओल्या फडक्याने 'नो एंट्री' पुसलंत आणि मी सांगितलं तसं तिथे 'विदाउट पास' आखलंत, म्हणजे पासशिवाय प्रवेश नाही. टिकले पण पुसा, मी म्हटलं. तुम्ही जरा कुरकुरलात, पण पुसलेत. एस मात्र हलणार नव्हते, रंग बसला होता. दोन्हीकडे एसच्या आधी मोकळी जागा राहिली.

तेवढ्यात मॅनेजर आले, सोबत मुंबईहून आलेले दोन पाहुणे. भिंत बघून त्यांचं कपाळ आक्रसलं. "हे मी दिलेलं नाही. पेंटर, क्या लिखा है ये?" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की साहेब, चूक तुमची आहे. तुम्ही माझ्या पुढे येऊन उभे राहिलात. "साहेब, मी अडाणी मानूस. कागद बघून लिवताना माझीच गडबड झाली. तुमचा कागद हा हाय. खडूचा हाय सगळा, सांगाल तं आत्ता पुसतो." आणि कागद त्यांच्या हातात दिलात, घडी घातलेला, पाहुण्यांना दिसणार नाही असा. त्यांनी कागद वाचला. भिंत वाचली. पुन्हा कागद वाचला आणि खिशात घातला. "रहने दो," म्हणाले. "ऐसाच ठीक आहे." मग जाता जाता वळून, "उद्या आतल्या भिंतींचं माप घेऊन जा."

परत येताना मी तुमच्यावर भडकले होते. चूक त्यांची, मग तुम्ही का अडाणी म्हणवून घेतलंत? तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "भिंत सुधारली ना? मंग कुनाची व्हती त्यानं काय व्हतंय?" आणि थोड्या वेळाने, मनातलं बोलून टाकावं तसं, "पन ते एसच्या आधी मोकला दिसतंय ग." पुढे त्या रस्त्याने कधीही गेलो तरी तुमची नजर त्या जागेवरच जायची. आतल्या भिंतींनी आपल्याला काही वर्षं तारलं. नंतर फ्लेक्सच जिंकलं, आणि तुम्ही ट्रकच्या मागच्या फळ्यांवर फुलं काढत राहिलात, हात थरथरायला लागेपर्यंत. त्या हातांची मला फार आठवण येते, बाबा.

आता माझं काम तेच आहे. गोडाऊनच्याच एका कंपनीत बाहेर जाणारं सगळं इंग्रजी माझ्या नजरेखालून जातं. नवी मुलं लिहितात तेव्हा चुकतात, त्यांचे साहेब तर जास्तच. मी खुर्ची ओढून शेजारी बसते आणि हळू म्हणते, हे वाचताना माझाच जरा गोंधळ होतोय, बघशील का? आपली चूक आपल्यालाच सापडली की माणसाचा चेहरा कसा खुलतो, ते मी रोज बघते. हे कुठे शिकलीस असं मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून आज तुम्हालाच सांगते आहे. हे पत्र तुमच्या ब्रशांच्या डब्यात राहील. त्याला अजून घासलेटचा वास येतो.

आणि ते काम. भिंतीची 'ड्रायव्हर्स'ची बाजू फोडून झाली होती. उरलं होतं नुसतं 'क्लीनर्स विदाउट पास नॉट अलाउड', तेही फार तर दोन-चार दिवस. शेजारच्या गोडाऊनपाशी खोके मोजणाऱ्या एका हमालाकडून मी खडू मागून घेतला, ढिगाऱ्यावर चढले, आणि 'क्लीनर्स'मधल्या एसच्या आधी, वर, जिथे तुम्ही लावला होतात तिथेच, टिकला काढला. चूक आहे, मला माहीत आहे. मग खाली उतरून तुमच्यासारखी मागे सरकले आणि एक डोळा मिटून बघितलं. बोर्ड भरला, बाबा.