नमुना क्रमांक सतरा

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (मध्यंतरी पोट धरूनच वाकत होतो, आज रीतसर वाकलो आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला गेला का?

बाबांच्या निवृत्तीच्या जेवणानंतर माझ्यासकट अकरा जणांनी अंथरूण धरलं आणि सगळ्यांनी एकमुखाने तुझ्या कस्टर्डच्या नावावर बिल फाडलं. तेव्हापासून तू पातेलं माळ्यावर टाकलंस आणि ओट्याकडे फिरकत नाहीस, असं आई सांगते. जे कस्टर्ड खाऊन आम्ही लहानाचे मोठे झालो, ते एका दुपारीत गुन्हेगार ठरलं, हे माझ्या फार जिव्हारी लागलं. म्हणून आधी बातमी सांगतो: तू निर्दोष सुटलीस. पातेलं खाली काढ.

आता हे कसं कळलं तेही ऐक (घाईत असलीस तरी ऐक, एरवी माझ्या कामाचं कोण ऐकतं). आमच्या प्रयोगशाळेत आजाऱ्यांचे नमुने आले. कशाचे ते विचारू नकोस, तू जेवताना पत्र वाचतेस. त्यातले जंतू वाढवायचे, त्यांचा डीएनए कापून जेलीसारख्या थरातून पळवायचा, की काळ्या पट्ट्या उमटतात. एका कुळातल्या जंतूंच्या पट्ट्या सारख्या, जशी आपल्या घरातली नाकं. अकराही जणांच्या पट्ट्या हुबेहूब जुळल्या. मग ज्यांनी ज्यांनी घरून काही आणलं होतं, त्यांच्याकडचं उरलेलं अन्न, सुऱ्या, चिरायच्या फळ्या, सगळं तपासायला आणलं. आमच्याकडे डब्यावर नाव नसतं, फक्त नंबर. नावांची वही मोठ्या बाईंच्या कपाटात. म्हणजे नात्यागोत्याची भीड पडत नाही.

परवा सतरा नंबरच्या फळीवरच्या जंतूंच्या पट्ट्या तशाच निघाल्या, शिवाय फळीवर कच्च्या चिकनचे आणि कुठल्याशा फळाच्या रसाचे डाग. मी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला आणि उत्साहाच्या भरात अहवालावर शेरा मारला, की कच्चं चिकन चिरलेली फळी न धुता तिच्यावर फळं कापणाऱ्या अशा बेफिकीर माणसाला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देऊ नये. मग बाईंनी वही उघडली. तुझा नंबर पाच. त्यात काहीच उगवलेलं नव्हतं. सतराचं नाव वाचून बाईंना चहाचा ठसका लागला. ते नाव गोपनीय असतं, तेव्हा आग्रह करू नकोस.

हे पत्र खिडकीशी बसून मोठ्याने वाच, शेजारच्या काकूंनाही कळू दे.

तुझा,
भाचा

ता. क. ते फळ म्हणजे कलिंगड, आणि जेवणाला कलिंगड कोणी आणलं होतं, हे तुला एव्हाना आठवलंच असेल. हिने चिकनची आणि फळांची अशा दोन फळ्या ठेवल्यात. दुसरी शोधायचा मला कंटाळा आला. एवढं मात्र मनातल्या मनात वाच. हिला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. खरं काम हे की रविवारी कस्टर्ड घेऊन ये. तुझ्यासमोर सांगितलं तर ही मला जरा कमी बोलेल.

ता. क. तिसरा (माझ्या अक्षरात). मावशी, हे पत्र टाकायला यांनी माझ्याचकडे दिलं, पाकीट न चिकटवता. यांचा तो शेरा ठळक अक्षरात लिहून ओट्यावर लावला आहे. रविवारी बाकीच्या दहाही आजाऱ्यांना बोलावलंय. आधी तुमची माफी, मग कस्टर्डची वाटी, असं बजावून ठेवलंय. मोठं पातेलं काढा. यांची वाटी शेवटची.