तुझ्या नावाशेजारचं नाव

मखमलाबाद, नाशिक
दसरा, २००५

शेवंते,

काल राजने कॉम्प्युटरवर तुझे मेंदूवरचे लेख दाखवले. "आई, मावशीच्या लेखांचा दाखला परदेशातले लोक देतात," म्हणाला. देऊ देत, माझं काय जातं? मला इंग्रजी येत नाही, म्हणून त्याने तुझ्या नावावर बोट ठेवलं. दर लेखात त्या नावाला तेच शेपूट.

"हे कोण रे?"

"मीनाक्षी मॅडम. दोघी मिळूनच लिहितात. त्यांची जोडी लय फेमस हाय."

जोडी! गोदावरीकाठी, गंगेवरच्या बाजारात आपण झेंडू विकायचो, तेव्हा लोक चतुरा-शेवंता एका दमात म्हणायचे. एकीला हाक मारली की दोघी ओ द्यायचो. तू शिकलीस, बंगलोरला गेलीस, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ही बाई मात्र डोळ्यात खुपते.

हे पत्र मी टाकणार नाही. फोनवर बरी आहे म्हणेन. दिवाळीला तिला आणणार म्हणतेस, तर आण. करंज्या वाढीन, साडीचोळी करीन, झोपायला नवा पलंगही देईन. तुझं अंथरूण मात्र खाली, माझ्याजवळ.

तुझी थोरली,
चतुरा